याचं पाणी केव्हा बदलतो तू?

वॉटर-कूल्ड पीसीच्या बिल्ड व्हिडिओत एक शॉट हमखास असतो. काचेसारखी रिकामी नळी, काटकोनात वळलेली. संगीत क्षणभर थांबतं. मग पांढरंशुभ्र किंवा जांभळं द्रव नळीत शिरतं, वळण घेतं, प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये गडप होतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. कॅमेरा त्याच्या मागे मागे. हा शॉट मी किती वेळा पाहिलाय याचा हिशेब नाही. घरून काम चालू असताना मीटिंग म्यूटवर टाकून पाहिलाय, झोप येत नाही म्हणून रात्री दोनला पाहिलाय. २०२२ च्या दिवाळीत बोनस आला तेव्हा ठरवलं, हा शॉट आता आपल्या खोलीत, आपल्या टेबलावर बघायचा.

बघितला. त्याबद्दल पुढे सांगतोच. पण मला मुख्यतः बोलायचंय ते या व्हिडिओंबद्दल. सिनेमाबद्दल किंवा कथेबद्दल बोलतो तसं, एक कलाप्रकार म्हणून. हे व्हिडिओ बघणाऱ्या बहुतेकांना असा पीसी कधी बांधायचा नसतो. लोक ते माहितीसाठी बघत नाहीत, गोष्ट म्हणून बघतात. आणि गोष्ट म्हटली की ती काय सांगते आणि काय गाळते, हे विचारायला हवं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापतात. नेहमीच्या पीसीत त्यांच्यावर धातूच्या पात्यांचा कूलर आणि पंखा असतो. कस्टम लूपमध्ये त्याऐवजी तांब्याचे पोकळ ब्लॉक बसवतात, त्यांतून पंपाने पाणी फिरवतात, आणि तापलेलं पाणी गाडीत असतो तशा रेडिएटरमधून नेऊन पंख्यांनी गार करतात. पाणी साठवायला एक पारदर्शक रिझर्व्हॉयर, आणि हे सगळं जोडायला नळ्या आणि पितळी फिटिंग्ज. एवढंच. माझ्या लूपला पासष्ट हजारांच्या आसपास खर्च आला. त्यात पीसी धरलेला नाही. नुसत्या फिटिंग्जवर जे पैसे गेले त्यात एक बरा मॉनिटर आला असता. एवढं करून गेममध्ये किती फरक पडला? एक-दोन फ्रेम्स. आवाज मात्र खूप कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता तो शॉट. मी स्वतः लूप भरला तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी, की व्हिडिओतला तो क्षण चार-पाच सेकंदांचा असतो आणि त्यानंतरचे सहा तास कुणी दाखवत नाही. पाणी शिरतं तसे बुडबुडेही शिरतात. पंप कोरडा चालवायचा नसतो, म्हणून दोन सेकंद चालू, बंद, पुन्हा भरा, पुन्हा दोन सेकंद. मग कॅबिनेट उचलून तिरपं करा, डावीकडे, उजवीकडे, पुढे. पंधरा-सोळा किलोचं धूड, आत पाणी. रेडिएटरमधून घरच्या जुन्या गिझरसारखा गुडगुड आवाज. या वेळी मदरबोर्डला वीज द्यायची नसते, फक्त पंप चालवायचा असतो. म्हणून एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडायची आणि प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून रात्र काढायची. मी दर तासाला उठून टिश्यू चाचपत होतो. घरात तापाचं मूल असावं तसं.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. लूप नीट भरला, बुडबुडे गेले, की पाणी हलताना दिसतच नाही. भरलेल्या नळीतलं एकरंगी द्रव स्थिर दिसतं. पाणी फिरतंय की पंप मेलाय, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी लोक लूपमध्ये छोटं फिरतं चक्र बसवतात. म्हणजे ज्या प्रवाहासाठी हा सगळा खटाटोप, तो दिसण्याचा क्षण यंत्राच्या आयुष्यात एकदाच येतो, भरताना. बिल्ड व्हिडिओने तो बरोबर हेरलाय. त्यानंतर दाखवण्यासारखं काही उरत नाही, म्हणून व्हिडिओ तिथे संपतो. मग दिवे, संथ फिरता कॅमेरा, दोन आलेख, आणि लाइक करा.

सगळ्या द्रवांची गत अशी नसते. क्रे-२ हा १९८५ सालचा सुपरकॉम्प्युटर. त्याची सर्किट बोर्ड्स सरळ फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. शेजारी पारदर्शक टाकीत ते द्रव धबधब्यासारखं कोसळताना दिसायचं, आणि त्यामुळे यंत्राला ‘बबल्स’ असं टोपणनाव पडलं. तिथे देखावा आणि काम एकच होतं. उष्णता एवढ्या छोट्या जागेत कोंबलेली होती की हवेने भागलंच नसतं.

हौशी लोकांचं वॉटर कूलिंगही गरजेतूनच सुरू झालं. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा त्या पिढीचा लाडका. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर जायचा. नशीब चांगलं असेल तर साध्या पंख्यावरही. फुकटात दीडपट वेगाची चटक लागली आणि लोक पुढे पुढे ढकलत गेले. पंख्यांनी भागेना तेव्हा त्यांनी भंगारातल्या मोटारींचे हीटर कोअर काढले, माशांच्या टाकीचे पंप घेतले, हार्डवेअरच्या दुकानातली नळी घेतली आणि तांब्याचे ठोकळे स्वतः कोरून ब्लॉक केले. त्या यंत्रांचे जुने फोटो बघा. कॅबिनेटच्या बाहेर लोंबणारी नळी, तारेने आवळलेली, शेजारी बादली. त्यात कुठेही सौंदर्य नाही, आणि एकही भाग निरुपयोगी नाही.

आज गंमत अशी की तो फुकटचा वेग उरलेलाच नाही. प्रोसेसर स्वतःच तापमान आणि वीज बघून जमेल तितका वेग घेतात, कारखान्यातूनच जवळजवळ काठावर आणून ठेवलेले असतात. पाण्याने मिळायचं ते बक्षीस आटलं आणि पाणी राहिलं. कामापेक्षा दिसण्यासाठी जास्त. याला माझी हरकत नाही. माणसं दारात रांगोळी काढतात, ती कशासाठी असं कुणी विचारत नाही. हरकत दुसरी आहे.

तिच्याकडे यायच्या आधी पाण्याबद्दल एक गैरसमज. मी अकोल्याचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घराघरात पत्र्याचा कूलर असतो, वाळ्याच्या ताट्यांचा. त्यामुळे ‘वॉटर कूलिंग’ म्हटलं की डोक्यात कूलर आणि माठ येतो. पाणी आहे म्हणजे गार. पण कूलर आणि माठ गार करतात ते बाष्पीभवनाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकतं. पीसीचा लूप बंद असतो, त्यात काहीही उडून जात नाही. त्याचं पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही, कितीही महाग रेडिएटर लावा. आणि तेच लिटरभर पाणी नुसतं एक अंश तापायला लागतात फक्त ४.१८६ किलोज्यूल. माझं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०८०, ३२० वॉट खातं. प्रोसेसर धरून गेम खेळताना ४०० म्हणा. रेडिएटरने काहीच केलं नाही, तर ते लिटर दर साडेदहा सेकंदांना एक अंश तापेल आणि पाच-सव्वापाच मिनिटांत ३० वरून ६० वर जाईल. पाणी इथे हमाल आहे. उष्णता इथून उचलायची, तिथे टाकायची. ‘तिथे’ म्हणजे माझी दहा बाय दहाची खोली. मे महिन्यातल्या पुण्यात चिप पन्नाशीत आणि मी घामाघूम, असं चित्र.

हाच हिशेब पुढे नेला तर आणखी एक गोष्ट निघते. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर अख्ख्या फेरीत पाण्याच्या तापमानात फरक पडतो जेमतेम दीड अंशाचा. त्यामुळे नळी आधी प्रोसेसरकडे न्यावी की ग्राफिक्स कार्डकडे, यावर जे रणकंदन चालतं त्याला अर्थ नाही. दिसायला चांगली दिसेल तशी न्यावी. आणि तशीच नेतात.

माझी हरकत इथे सुरू होते. दिसायला चांगली म्हणजे काय, हे या प्रकाराने एकाच पद्धतीने ठरवून टाकलंय. कडक नळी, काटकोन, समांतर रेषा, कुठेही सैल लोंबणं नाही. मऊ नळी वापरणारा कच्चा गडी. मीही कडक पीईटीजी नळ्या घेतल्या. आत सिलिकॉनची दोरी सरकवायची, हीट गनने नळी सगळीकडून सारखी तापवायची, लवलवीत झाली की साच्यावर धरून वळवायची. सहा नळ्या वाया घालवल्या. एक जळून बुडबुडली, दोन वळणावर चपट्या झाल्या, तीन मापात अर्ध्या सेंटिमीटरने चुकल्या. सातवी जमली तेव्हा मी ती हातात घेऊन रूममेटला दाखवायला गेलो. तो आनंद खरा होता. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हाताने वळवलेली एक वस्तू मिळते, ती पुढच्या अपडेटमध्ये बदलत नाही, हे सुख लहान नाही. व्हिडिओ हे सुख दाखवतात ते खोटं नाही.

पण कडक नळ्यांच्या लूपमधून ग्राफिक्स कार्ड काढायचं असेल, किंवा नुसती रॅमची एक पट्टी बदलायची असेल, तर बऱ्याचदा आधी सगळं पाणी काढावं लागतं. मऊ नळी वाकवून बाजूला सारता येते, काटकोन सारता येत नाही. म्हणजे जे वळण फोटोत सुंदर दिसतं, तेच दुरुस्तीच्या आड येतं. हे अपघाताने झालेलं नाही. ज्या यंत्राची गोष्ट पहिल्या दिवशी संपते, त्याचा आकार पहिल्या दिवसासाठीच ठरणार.

टेम्पर्ड ग्लासचंही तेच. कॅबिनेटची एक बाजू काचेची, सगळं उघडं, लपवाछपवी नाही असा आव. आणि दुसऱ्या बाजूचा पत्रा काढा. वायरींचा गुंता, पंख्यांचे हब, दिव्यांचे कंट्रोलर, झिप टाय. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा आतल्या खोलीत ढकलून कडी लावतो, तशी ही मागची बाजू. व्हिडिओत ती कधी दिसली तर दोन सेकंद, आणि तीही विंचरून ठेवलेली.

सगळेच असे नाहीत. जेझ टू सेंट्ससारखे लोक तुंबलेले, घाण झालेले ब्लॉकही उघडून दाखवतात. लायनस टेक टिप्सने २०१५ मध्ये अख्ख्या खोलीतल्या पीसींसाठी एकच लूप करायचा घाट घातला, त्याचे बरेच भाग निघाले, आणि मला ती मालिका आवडते ती तिच्यातल्या घोळांमुळे. पण फिरत्या कॅमेऱ्याच्या देखण्या व्हिडिओंपुढे असे व्हिडिओ कुणी ‘प्रेरणा’ म्हणून सेव्ह करत नाही. मी तरी केले नव्हते.

मग माझ्या लूपचं काय झालं? मी पांढरं अपारदर्शक कूलंट घेतलं होतं, दुधासारखं. अशा द्रवात रंगाचे बारीक कण तरंगत ठेवलेले असतात. सुरुवातीला गेम खेळताना पाणी ३९ अंश आणि ग्राफिक्स चिप ५३. २०२४ च्या फेब्रुवारीत आकडे बघितले, तर पाणी ३९ च होतं, चिप ७२. थोडा विचार केला तर निदान यातच आहे. पाणी गार आहे म्हणजे रेडिएटर ठीक आहेत. चिप गरम आहे म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाहीये. ब्लॉकच्या आत तांब्याच्या अत्यंत बारीक उभ्या पात्या असतात, त्यांच्यातल्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. तिथे काहीतरी साचलंय. पंधरा महिने झाले होते. बाटलीवर किती काळाने बदलायचं ते छापलेलं होतं. बाटली मी व्हिडिओतल्यासारखी शेल्फवर नीट मांडून ठेवली होती, लेबल समोर करून. वाचली नव्हती.

कळल्यावरही मी तीन आठवडे काही केलं नाही. उघडायचं म्हणजे पाणी काढा, नळ्या काढा, पुन्हा ती टिश्यूची रात्र. गेम खेळायचं बंद केलं आणि काचेतले दिवे चालू ठेवले. दूधही छान पांढरंच दिसत होतं.

मार्चमध्ये बाबा आले. त्यांनी कॅबिनेटसमोर खुर्ची ओढली, बराच वेळ बघत बसले, हे कुठून कुठे जातं ते बोटाने नळ्यांवरून शोधलं, आणि विचारलं, “याचं पाणी केव्हा बदलतो तू?”

शेकडो व्हिडिओ पाहिले असतील मी. हा प्रश्न मला पडला नव्हता.

“बंद असतं ते बाबा. उडून जात नाही,” मी म्हणालो.

“बंद असलं म्हणून काय झालं. इन्व्हर्टरची बॅटरी पण बंदच असते.”

आमच्या घरी दर वर्षी चैत्रात कूलर गच्चीवरून खाली उतरतो. बाबा पितळी ब्रशने टाकीतले क्षार खरवडतात, ताट्या बदलतात, टिल्लू पंप उघडून त्यातला गाळ काढतात, पत्र्याला आतून रंग मारतात. लहानपणी मला हे रविवार फुकट घालवणं वाटायचं. त्यात बघण्यासारखं काही नसतं, कुणी फोटो काढत नाही. कूलर विकत आणला तो दिवस आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. तो साफ केल्याचे पंचवीस-तीस दिवस मात्र आहेत, आणि म्हणूनच तो अजून चालतो.

आपल्या फोनवर नव्या वस्तूचा पहिला दिवस बघण्याची इतकी सवय झालीय की दुसरा दिवस हा विषयच वाटत नाही. माझ्या कामातही हेच बघतो. नवं फीचर लाँच झालं की केक कापतात. तीन वर्षं जुनं सर्व्हिस रात्री तीनला उठून जिवंत ठेवणाऱ्या मुलीला केक नाही. बिल्ड व्हिडिओ ही वृत्ती जन्माला घालत नाही, पण तिचं सर्वांत चकाकतं रूप तो आहे.

या सगळ्यात साध्या एअर कूलरवर अन्याय होतो, तेही सांगतो. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४ चा कूलर, तपकिरी पंख्यांचा, दिसायला अगदीच रेशन ऑफिस. त्यातून सहा तांब्याच्या हीट पाइप जातात. अशा सीलबंद पाइपमध्ये कमी दाबावर थोडंसं पाणीच असतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, पात्यांच्या बाजूला ती पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंप नाही, फिटिंग नाही, बदलायचं काही नाही. म्हणजे ज्याला आपण ‘हवेवरचा’ म्हणून नाक मुरडतो, तोही पाण्यावरच चालतो, आणि तेही आमच्या माठाच्या जवळच्या युक्तीने. फक्त ते पाणी कुणाला दिसत नाही. उलट, द्रव लपवलं म्हणजे सुटलो असंही नाही. ॲपलने २००४ मध्ये २.५ गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅक जी५ मध्ये ॲल्युमिनियमच्या देखण्या पेटीत लिक्विड कूलिंग बसवलं, आणि पुढे त्यातली बरीच यंत्रं आतल्या आत गळली. दिसो वा न दिसो, त्याच्याकडे बघणारं कुणीतरी लागतं.

त्या रविवारी आम्ही लूप उघडला. बाल्कनीत बादली ठेवली, दूध काढलं. ब्लॉकचे स्क्रू सोडवले तेव्हा पात्यांवर पांढरी साय धरली होती, अगदी साय. बाबा पितळी ब्रश शोधायला निघाले, त्यांना थांबवलं. निकेलचा मुलामा गेला असता. मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड पाण्याने तासभर घासलं. ओ-रिंग तपासली. बॅटरीवाल्याच्या दुकानातून पाच लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला, त्यात शेवाळ धरू नये म्हणून बायोसाइडचे थेंब टाकले. सात प्रयत्नांनी जमलेली ती नळी मी पुन्हा बसवली नाही. काळ्या रबरी नळ्या लावल्या, जरा लांब ठेवल्या, आणि तळाशी पाणी काढायला एक तोटी. टिश्यूची रात्र बाबांनी अर्धी वाटून घेतली.

आता पाणी ४०, चिप ५४. काचेतून बघण्यासारखं फारसं काही नाही. रिझर्व्हॉयरवर बाबांनी कागदी टेप चिकटवलीय, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावतात तशी, आणि त्यावर बॉलपेनने तारखा आहेत. पुढची ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारची. त्या आठवड्यात आमचा रिलीज आहे, त्यामुळे आदल्या रविवारीच उरकावं लागेल.